राखणेच्या कोंबड्याची शेपटी

डेल्सीबाई लोबो यांनी आयुष्यात एकदाच बढाई मारली. तीही व्हिडिओ कॉलवर, धाकट्या भावासमोर, आणि अशा विषयात, ज्यातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं!

"फ्लाय फिशिंग ना?" त्या म्हणाल्या. "अरे, ते तर साधं बल आणि गती! रियाला पाठव तू. इथल्या तळ्यावर मी शिकवते तिला."

एल्रॉय तिकडे न्यूझीलंडमध्ये खुर्चीतून पडायचा तेवढा बाकी राहिला. "तू शिकयतलंस? अगो, तीच माका शिकयता!"

रिया म्हणजे एल्रॉयची नऊ वर्षांची मुलगी. दर सुट्टीला बापलेक डोंगरातल्या तळ्यांवर जात आणि ट्राउट नावाचे रानमासे धरत. पण गांडूळ लावून नव्हे! पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी लांब दोरीच्या टोकाला बांधायची, ती पाण्यावर अलगद उतरवायची, मासा खरी समजून ती तोंडात घेतो, मग त्याला हातात धरायचं, तोंडातली गरी, म्हणजे गळ, हळूच काढायची आणि त्याला परत पाण्यात सोडून द्यायचं.

हा शेवटचा भाग डेल्सीबाईंच्या आईला, म्हणजे रोझामायला, काही केल्या पटेना.

"धरूचो आणि सोडूचो? मगे धरूचो कित्याक? आधीच पाण्यात आसा मा तो!"

मालवणच्या किनाऱ्यापासून कसालच्या पुढे डोंगरातल्या आमच्या गावापर्यंत कुणालाही हाच प्रश्न पडला असता.

डेल्सीबाई गावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायच्या. निम्मं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं. 'आधी निरीक्षण, मग निष्कर्ष' हे त्यांचं वाक्य पोरांना प्रार्थनेआधी पाठ व्हायचं. दरवर्षी त्या करणी, नजर आणि लिंबू-मिरची यांच्यावर एक व्याख्यान द्यायच्या, आणि दरवर्षी आभार मानणारा माणूस घरी जाताना मोटारसायकलला नवं लिंबू बांधायचा. आवाज कधी चढायचा नाही, शब्द कधी जास्त खर्च व्हायचा नाही. अशा बाईने बढाई मारली, म्हणजे त्यामागे अभ्यास असणारच, असं सगळ्यांना वाटलं. अभ्यास होता. रात्रभर पाहिलेल्या तीन व्हिडिओंचा!

नाताळाच्या आधी रिया आली. पाठीवर एक लांबलचक नळी, आत रॉड. डोक्यावर हिरवी टोपी. रविवारच्या कॉलवर तिला मराठी शिकवलं ते डेल्सीबाईंनीच, त्यामुळे पोरगी पाठ्यपुस्तकासारखी बोलायची.

"आंटी, एक वाईट बातमी आहे. माझी खोट्या माश्यांची पेटी विमानतळावर काढून घेतली. गऱ्या तीक्ष्ण असतात असं ते काका म्हणाले. त्यांचं बरोबर आहे."

"मग?"

"मग आता आपल्याला मासा मिळणार नाही. मी पापांना म्हटलं होतं, आजीच्या गावचा मासा मी स्वतः पकडीन." एवढं बोलून ती शहाण्या मुलीसारखी गप्प बसली. रडली असती तर बरं झालं असतं! गप्प बसलेल्या मुलासमोर मोठ्या माणसाला काहीतरी वचन द्यावं लागतं.

"त्यात काय!" डेल्सीबाई म्हणाल्या. "आपण इथेच बांधू माश्या!"

ही दुसरी बढाई. म्हणजे 'एकदाच' हे मी वर चुकीचं लिहिलं.

बारीक गऱ्या मालवणच्या बाजारात मिळाल्या. लाल रेशमी दोरा कसालला धनेशच्या टेलरिंगच्या दुकानातून आणला. राहिलं पीस. व्हिडिओतला माणूस म्हणत होता की पीस तांबूस-सोनेरी हवं, चमकणारं, ताठ. रोझामायने नवीन वर्षासाठी पोसलेला एक कोंबडा होता, पण तो चुन्यासारखा पांढरा. त्याची माशी केली असती तर माशाला वाटलं असतं, कापूस पडला!

आणि कुंपणापलीकडे गुरुदासाच्या अंगणात तो फिरत होता.

काय तो कोंबडा! मानेवर सोनं, पाठीवर तांबं, आणि शेपटी अशी की पोलीस परेडला पुढे चालवावा. चालायचाही तसाच, एकेक पाय उचलून, जणू पंचायतीची निवडणूक नुकतीच जिंकलाय. डेल्सीबाई आणि रिया कुंपणाला नाक लावून त्याच्याकडे बघत राहिल्या.

"आंटी, आपण मालकांची परवानगी घ्यायला हवी ना?"

"घेऊ की." डेल्सीबाईंनी पलीकडे पाहिलं. दुपारची वेळ. गुरुदास आणि त्याची बायको सुगंधा जेवून आडवी झालेली, दार लोटलेलं. "पण दोन पिसांसाठी झोपलेल्या माणसाला उठवणं बरं दिसत नाही. मानेवरची दोनच घेऊ. त्याला कळणारसुद्धा नाही. केस कापल्यासारखं असतं ते, रिया. केराटिन. वेदना नाही."

वाक्य शास्त्रीयदृष्ट्या निर्दोष होतं. कोंबड्याला ते कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच.

मूठभर तांदूळ टाकून त्याला कुंपणाच्या भोकातून अलीकडे आणला. रियाने पाय धरले. डेल्सीबाईंनी कात्री उघडली, मानेवरचं पीस निवडलं आणि चष्मा नाकावर सारला. त्याच क्षणी कोंबड्याने निरीक्षणावरून निष्कर्ष काढला! तो असा उसळला की पुढचा मागे आणि मागचा पुढे झाला. कात्री मिटली. कर्र! कोंबडा पंखांचा वादळवारा करत कुंपणावरून पलीकडे गेला आणि डेल्सीबाईंच्या हातात राहिला झुपका. मानेचा नव्हे. शेपटीचा. अख्ख्या शेपटीचा!

पलीकडे कोंबडा थांबला. मागे वळून पाहिलं. काय नाही ते त्याला कळलं असावं, कारण तो चालला तो आता निवडणूक हरलेल्यासारखा.

"आंटी," रिया म्हणाली, "ही दोन पिसं नाहीत."

"नाहीत," डेल्सीबाई म्हणाल्या. "पण उगवतात ती. संध्याकाळी सांगू आपण सुगंधाला."

संध्याकाळी पाहुणे आले. मग माशी बांधायला बसल्या. आणि माशी काय सुंदर झाली! तांबूस पिसाची, लाल दोऱ्याच्या कमरेची, अशी की डेल्सीबाईंना स्वतःलाच ती गिळावीशी वाटली. सांगायचं राहिलं.

सकाळी कुंपणापलीकडून किंकाळी आली. "अगे बाये माझे! राखणेचो कोंबो!"

डेल्सीबाईंच्या हातातला चहा तिथेच थांबला.

आता राखण म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगायला हवं. गावच्या सीमेवर, तळ्याच्या बांधाखाली, जांभळीच्या झाडात एक दगड आहे. तो राखणदार. गुराढोरांची, शेताची, माणसांची राखण तो करतो आणि वर्षातून एकदा त्याला घराण्यातर्फे कोंबडा द्यायचा. कोंबडा आधीपासून त्याच्या नावाने ठेवायचा, आणि तो पिसापासून नखापर्यंत धड हवा. लंगडा, काणा, शेपूटतुटका चालत नाही. हे आमच्या गावात कुक्कुल्या पोरालाही ठाऊक असतं. डेल्सीबाईंनाही ठाऊक होतं. फक्त तो *हा* कोंबडा होता, हे ठाऊक नव्हतं. त्यासाठी विचारावं लागलं असतं!

आणि यंदाची राखण साधी नव्हती. गुरुदास आणि त्याचा धाकटा भाऊ धनेश, तोच टेलर, एका घराचे दोन भाग करून राहायचे आणि माडाच्या एका झाडावरून कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. सुगंधाने देवाचं नाव काढून, दोघांच्या हातापाया पडून यंदा त्यांना कबूल करवलं होतं: राखण एकत्र, जेवण एका पंगतीत. रविवारी. कोंबड्यासकट सगळं ठरलं होतं.

"बाई! ओ बाई!" सुगंधा कुंपणाशी आली. तिचे डोळे भरलेले. "जरा येवा मा! तुमी सायन्सच्या. बघून सांगा, ह्यां कोणाचा काम?"

तोंड उघडून सांगायचं, एवढंच होतं. डेल्सीबाईंनी तोंड उघडलंही. पण अंगणात सारी भावकी जमलेली, मधे तो बोडका कोंबडा, आणि सगळ्यांचे डोळे बाईंकडे, जणू परीक्षेचा निकाल लागतोय. डेल्सीबाईंच्या तोंडून निघालं:

"मुंगूस असेल."

रियाने मान वर करून आंटीकडे पाहिलं.

"मुंगूस?" गुरुदासाने कोंबडा उचलून उलटा धरला. तो बाईंचा जुना विद्यार्थी. "बाई, तुमीच शिकयलास, आधी निरीक्षण. ह्यां बघा. पिसां उपाटूक नाय. कापल्यानी हत. एका रेषेत! मुंगसाक कात्री खंय गावली?"

शिकवलेलं असं अंगावर येतं कधी कधी.

"मग... कात्रीच असेल," डेल्सीबाई पुटपुटल्या. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाचं हेच होतं. पहिलं खोटं बोलतो आणि दुसऱ्यालाच खरं बोलून बसतो!

"बाई म्हणतत कात्री!" गुरुदास गरजला. "आणि ह्या घरात कात्री कोणाकडे आसा? दिवसभर कोणाच्या हातात कात्री आसता?"

सगळे धनेशकडे वळले.

"माका कित्याक बघतास?" धनेश म्हणाला. "मियां कोंब्याचो ब्लाउज शिवतंय काय?"

कुणीतरी हसलं. गुरुदास हसला नाही. कुंपणाशी वाकून त्याने दोन बोटांत काहीतरी उचललं. लाल रेशमी दोऱ्याचा तुकडा! रिया धावताना तिच्या फ्रॉकला चिकटून आलेला असणार.

"आणि ह्यो? ह्यो रे कोणाचो दोरो?"

धनेशने दोरा पाहिला. प्रामाणिक माणूस. "माझ्याच दुकानातलो," तो म्हणाला.

झालं! माडाचं झाड बाहेर आलं, माडाआधीची विहीर बाहेर आली, वडिलांच्या बाराव्याला कुणी किती वेळा डाळ वाढून घेतली तेही बाहेर आलं. सुगंधा मधे उभी राहून एकदा नवऱ्याला धरत होती, एकदा दिराला. शेवटी म्हातारे गावकार उठले. गावकार म्हणजे गावाच्या वतीने देवाशी बोलणारा मानकरी.

"गप रवा दोघव! आयतारी राखणदाराक गाऱ्हाणा घालूया. ज्याणां केल्यान तेका तोच दाखयतलो."

डेल्सीबाई घरी आल्या त्या अंगातली हवा गेल्यासारख्या. रोझामायने एकदा लेकीकडे पाहिलं, एकदा टेबलावरच्या माशीकडे, आणि हातातली कवळी तोंडात बसवून म्हणाली, "सांग जावन."

"जाते."

आणि त्या गेल्याही! दुपारीच. सुगंधाने पाट दिला, लाडू दिला, पदराने डोळे पुसले. डेल्सीबाईंनी लाडू खाली ठेवला. "सुगंधा, त्या कोंबड्याबद्दल..."

"बाई, तुमी होतास म्हणून बरा झाला," सुगंधा म्हणाली. "आधी मुंगूस म्हणालास, पण कात्री दिसली तशी कात्रीच म्हणालास. सगळ्यांका मियां सांगतंय, गावात एक माणूस खोटा बोलूचा नाय. डेल्सीबाई!"

डेल्सीबाईंनी लाडू उचलला आणि खाल्ला. मग उठून घरी आल्या. शनिवारी पाद्रीकडे कुमसाराला, म्हणजे पापाची कबुली द्यायला, जायचं होतं, तेही त्यांनी टाळलं. पाद्रीने पापाची क्षमा केली असती, पण पापाचं नाव मोठ्याने घ्यावं लागलं असतं, आणि रांगेत मागे रोझामाय उभी!

रोज संध्याकाळी रिया अंगणात रॉड फिरवायची, दोरी हवेत मोठी मोठी वळणं घेत जायची, आणि डेल्सीबाईंनी हातात घेतली की तीच दोरी रोझामायच्या मॅक्सीला, कढीपत्त्याला किंवा डेल्सीबाईंनाच गुंडाळायची. "मागे जाऊ द्यायची, आंटी," रिया शिकवायची. "दोरी आधी मागे पूर्ण सरळ झाली पाहिजे. मागचं नीट झालं नाही तर पुढचं नीट होत नाही."

नऊ वर्षांच्या मुलीने एवढं बोलू नये.

रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर त्या तळ्यावर गेल्या. डेल्सीबाईंचा हिशोब असा, की गाऱ्हाणं सकाळीच उरकलं असेल. पण गावचं गाऱ्हाणं कधी वेळेवर उरकलंय! त्या वर बांधावर, करवंदीच्या जाळीआड. समोर पाणी, पलीकडे डोंगर, रियाने पहिली दोरी टाकली आणि मागून, बांधाखालून, माणसांचा आवाज चढू लागला. अख्खी भावकी जांभळीखाली जमत होती.

"रिया, चल. निघू."

"आंटी, तिथे बघ!" पाण्यावर एक वर्तुळ उमटलं. मासा! चांगला मोठा. "तो वर येऊन किडे खातोय. पण लांब आहे, माझा हात पुरणार नाही. तू टाक. एकदाच."

खाली गावकारांनी सुरुवात केली. "बा देवा राखणदारा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे एका सुरात म्हणाले.

रियाने रॉड पुढे केला. तिच्या डोळ्यांत इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती चमक आली होती. एक मासा मिळाला, तर निदान पोरीपुढे तरी तोंड वर करता येईल, असं डेल्सीबाईंच्या मनात आलं. त्यांनी रॉड घेतला.

"आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली हत, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

डेल्सीबाईंनी दोरी उचलली. मागे जाऊ दिली. आणि आयुष्यात पहिल्यांदा ती जशी जायला हवी तशी गेली! सुळकन, अखंड, मागे पूर्ण सरळ, बांधावरून, करवंदीवरून, खाली...

"ज्या कोणी तुझ्या कोंब्याक हात लावल्यान, तेचो काय तो पुरावो आमच्यासमोर आणून घाल रे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

...आणि पुढे येईना. डेल्सीबाईंनी ओढली. दोरी ताणली गेली, घट्ट.

"लागला!" रिया सवयीने कुजबुजली.

खाली गाऱ्हाणं अर्ध्यावर थांबलं होतं. डेल्सीबाईंनी जाळीतून वाकून पाहिलं आणि त्या झटकन जाळीमागे खाली बसल्या. गावकारांच्या पांढऱ्या टोपीवर, अगदी मधोमध, तांबूस पिसाची माशी रोवली होती! दोरीचं टोक काचेसारखं पारदर्शक, ते कुणाला दिसत नव्हतं. दिसत होतं एवढंच, की पुरावा मागितला आणि आभाळातून पुरावा उतरला.

"शेपटेचा पीस!" सुगंधा दोन्ही हात जोडून खाली बसली.

गुरुदासाने जवळ जाऊन पाहिलं. "नि पिसाक दोरो. लाल दोरो. आता तरी बोल, धनेश. देवान बोट दाखवल्यान मरे!"

"दादा, माका म्हायत नाय," धनेश म्हणाला. त्याची थट्टा पार गेली होती. "राखणदाराची आण घेवन सांगतंय, मियां नाय."

"देवासमोर खोटा बोलतंस? तुझी नि माझी पंगत संपली आजपासून. आमच्या दारात पाय घालू नको."

धनेशने पायांखालची माती बघितली आणि जायला वळला.

वर डेल्सीबाईंचा हात पिशवीत गेला होता. कात्री तिथेच होती. तीच. एक कट्, दोरी सुटली असती, त्या दोघी मागच्या वाटेने घरी गेल्या असत्या, आणि कुणालाही, कधीही, काहीही कळलं नसतं. कात्रीची दोन्ही पाती दोरीवर आली.

"आंटी," रिया हळूच म्हणाली, "दोरा कापायचा नसतो. गरी माशाच्या तोंडात राहून जाते. मग तो मासा जगत नाही. पापा म्हणतात, आपण लावलेली गरी आपणच काढायची."

तिच्या मनात फक्त मासेमारीचा नियम होता की आणखी काही, ते डेल्सीबाईंना अजूनही ठरवता आलेलं नाही. पण त्यांनी कात्री मिटली, उठल्या आणि रीळ गुंडाळत गुंडाळत बांध उतरू लागल्या. रीळ करकर वाजत होतं. प्रत्येक करकरीबरोबर गावकारांच्या डोक्यावरची टोपी पुढे डुलत होती. गावकार दोन्ही हातांनी ती धरून उभे, आणि करवंदीतून, मिस्सेच्या इस्त्रीच्या साडीत, हातात काठी घेतलेल्या डेल्सीबाई प्रकट होताहेत!

"गुरुदास," त्या म्हणाल्या, "ती शेपटी मी कापली."

"व्हय म्हाराजा!" सगळे सवयीने म्हणाले.

मग सगळे वळून धनेशकडे बघू लागले.

"बाई, तुमी तेका पाठीशी घालतास," गुरुदास शेवटी म्हणाला. "तुमी कित्याक कापशात?"

हे जास्त अवघड होतं. गुन्हा केला हे सिद्ध करायला डेल्सीबाईंना घाम फुटला! त्यांनी कात्री दाखवली. पिशवीतून उरलेली पिसं काढली. माशी म्हणजे काय, ट्राउट म्हणजे काय, ते सांगितलं. शेवटी रिया पुढे आली. "मी साक्षीदार आहे. कोंबड्याचे पाय मी धरले होते. आम्ही दोन पिसं घेणार होतो, तो हलला. तुम्ही झोपला होता म्हणून आंटीने विचारलं नाही."

"आणि मुंगूस?" सुगंधाने विचारलं.

"मुंगूस नव्हतं," डेल्सीबाई म्हणाल्या. त्यांना वर बघवेना. "मी खोटं बोलले. तुझ्यासमोर लाडू खाऊनसुद्धा."

सुगंधाने कपाळावर हात मारला. "बाई, पिसां व्हयी होती? अहो, दर आयतारी कोंबो कापतो आमी! पोतांभर पिसां परसात पुरतो! एक हाक मारलास असतास तर घरपोच आणून दिलंय असतंय!"

या एका वाक्याने जे झालं ते साऱ्या भावकीच्या शिव्यांनी झालं नसतं. डेल्सीबाई शाळेत उशिरा आलेल्या पोरासारख्या खाली मान घालून उभ्या राहिल्या.

तेवढ्यात धनेश खुदकन हसला. "दादा, तुका आठवता? सातवीत माका बाईनी बाकार उभो केल्यानी होतो, खिडकेची काच फोडलंय म्हणून. ती पण मियां फोडूक नाय होती!"

"खंयसून फोडशी तू?" गुरुदास म्हणाला. "ती मियां फोडलंय!" आणि तोही हसायला लागला. दोघे भाऊ एकमेकांचे खांदे धरून हसत राहिले. कित्येक वर्षांत त्यांना एकत्र हसायला विषय मिळाला नव्हता. आता मिळाला: डेल्सीबाई!

गावकारांनी मात्र टोपी काढून माशीकडे भक्तिभावाने पाहिलं. "काय पण म्हणा, राखणदाराचो मान बघा. पुरावो मागलो, पुरावो इलो!"

"तसं नाही हो, गावकार," डेल्सीबाई घाईने म्हणाल्या. "दोरी मागे गेली की तिची गती..."

"दोरी तुमची, हात तुमचो. मान्य. पण एवढ्या माणसांत नेमकी माझ्याच टोपयेत, नेमकी त्याच वाक्याक, कोणी आणून घातल्यान?"

डेल्सीबाईंनी मनातल्या मनात शक्यता काढून पाहिली. आकडा इतका लहान आला की तो मोठ्याने सांगण्यासारखा नव्हता. वाकून त्यांनी टोपीतली गरी हळूच काढली, कापड न फाडता.

राखण त्याच दिवशी झाली. कोंबडा गेला रोझामायचा, नवीन वर्षाचा, पांढरा; गावकारांनी तो जागेवरच राखणदाराच्या नावाने ठेवला. पंगत एकच होती, आणि डेल्सीबाईंना मधोमध बसवून वाढलं, म्हणजे सगळ्यांना दोन्ही बाजूंनी हसता यावं! रोझामाय मात्र घरी आल्यावर बोललीच. "मासो धरूक गावलो नाय. माणूस धरलंस, तो सोडलंस. आणि मधल्यामधी माझो कोंबो तेवढो मेलो!"

रात्री एल्रॉयचा फोन आला. "काय गो रिया? धरलास काय तरी?"

"हो पापा. एक."

"केवढो?"

रिया माशाचं माप कधी वाढवून सांगत नाही. तिने दोन्ही हात पसरले, विचार केला, आणि खाली घेतले. "मोठा होता. टोपी घातलेला. पण गरी आंटीने स्वतः काढली, अगदी अलगद, आणि त्याला सोडून दिलं. तो चालत घरी गेला."

मग एल्रॉय म्हणाला, "मायेक फोन दी."

तो बिनशेपटीचा कोंबडा अजून आहे. देवाला तो चालत नाही, आणि देवाच्या नावाचा म्हणून माणसांना खाता येत नाही. त्याला आता मरणच नाही! रोज पहाटे तो कुंपणावर चढतो, डेल्सीबाईंच्या खिडकीकडे पाठ करतो आणि आरवतो.

राखणेनंतरच्या मंगळवारी सकाळी तो असाच आरवत असताना खालच्या वाडीतला सुदेश फाटकाशी आला. "बाई, आमची म्हस हरावली. काल गाऱ्हाणा घातला, पण कायच कळाक नाय. गावकार म्हणतत, बाईंका काठी घेवन बोलवा. तेंच्याशिवाय राखणदार बोलणा नाय."

अंधश्रद्धेवरचं सबंध व्याख्यान डेल्सीबाईंच्या ओठांवर आलं. त्यांनी सुदेशकडे पाहिलं, कुंपणावर पाहिलं, आणि मुकाट्याने चपला शोधू लागल्या.

रिया हिरवी टोपी घालून आधीच पायरीवर तयार होती.

"आंटी," तिने गंभीरपणे विचारलं, "म्हशीला कुठली माशी लावायची?"